यंत्र घे, पण आधी वाटणी ठरव

पत्र : आदरणीय मावशी, जळगावच्या एमआयडीसीत आमची तूरडाळीची मिल आहे. दोन वर्षांपूर्वी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि मी पुण्याची नोकरी सोडून परत आले. मिलमध्ये ३१ माणसं आहेत. त्यांतल्या १४ बायका डाळ निवडतात, काही जणी वीस-वीस वर्षांपासून. आता पुण्या-मुंबईचे व्यापारी सॉर्टेक्सचाच, म्हणजे डागी दाणा आपोआप वेगळा काढणाऱ्या यंत्राचाच, माल मागतात, हातनिवडीच्या मालाला भाव पाडून देतात. सॉर्टेक्सचं कोटेशन आलं आहे. आमचे हिशेबनीस म्हणतात, मशीन घ्या, बायकांचा हिशेब करून त्यांना मोकळं करा आणि बाकीच्यांची पाळी आठऐवजी बारा तासांची करा, म्हणजे कर्जाचा हप्ता निघेल. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर तसं चालवून पाहिलं. ८ तासांत ४० क्विंटल तूर भरडली जायची, १२ तासांत ५१ क्विंटल झाली. वर्षभरात तीन तयार ऑपरेटर सुरतला निघून गेले. परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या सगळ्यात जुन्या आक्कांनी विचारलं, “ताई, मशीन उनं ते आमन्हं काय व्हई?” मला उत्तर देता आलं नाही. नाना म्हणतात, या बायकांच्या हातांवर तू शिकलीस. मी मिल वाचवू की माणसं?

उत्तर :

प्रिय मुली,

कोटेशनची मुदत डोक्यावर असेल, म्हणून आधी सरळ सांगते. सॉर्टेक्स घे. बायकांना काढू नको. बारा तासांच्या पाळीचा विचार सोडून दे. आणि मशीनची ऑर्डर देण्याआधी, वाढलेल्या कमाईतला किती वाटा कामगारांच्या हातात पडणार, ते कागदावर लिही, सगळ्यांना वाचून दाखव आणि खाली सही कर. तुझ्या पत्रात हिशेबनीस बोलले, नाना बोलले, आक्का बोलल्या. पण वाटणीबद्दल कोणीच बोललेलं नाही. माझ्या मते सगळं तिथेच अडलं आहे.

बारा तासांचा प्रश्न आधी मिटवू. तुझेच आकडे घेऊ. ८ तासांत ४० क्विंटल, म्हणजे तासाला ५ क्विंटल. १२ तासांत ५१, म्हणजे तासाला सव्वाचार. माल वाढला, पण तासाचं काम घटलं. आता मजुरी धर. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. वरच्या चार तासांचे आठ तासांइतके पैसे मोजायचे, म्हणजे दिवसाला सोळा तासांची मजुरी. ५१ ला १६ ने भाग, सव्वातीनसुद्धा येत नाहीत. मजुरीच्या प्रत्येक तासामागे मिळत होते ५ क्विंटल, त्याचे तीन-सव्वातीन झाले. शिवाय जास्तीची वीज, रात्रीच्या झोपेत बिघडलेला माल आणि सुरतला गेलेली तीन माणसं. हिशेबनीसांच्या वहीत हे फायद्यात दिसलं असेल, तर एकच कारण संभवतं, जादा तासांचे पैसे दुप्पट दराने दिले गेले नसावेत. तसं झालं असेल तर ती बाकी आधी चुकती कर.

उत्पादन आणि उत्पादकता या दोन शब्दांची गल्लत आपल्याकडे कारखान्याच्या ऑफिसात रोज होते, पण शेतात होत नाही. आपल्या रावेर-यावलच्या केळीत ठिबक आलं, तेव्हा मोटर जास्त तास चालवा असं कोणी म्हटलं का? पाणी मुळाशी गेलं, वाया जायचं थांबलं, तेवढ्याच पाण्यात आणि कमी विजेत बाग भरली. उत्पादकता म्हणतात ती ही. तुझ्या मिलमध्ये पाण्याच्या जागी माणसाचा वेळ आहे, आणि तो कुठे झिरपून जातो हे तू अजून पाहिलेलं नाहीस.

जास्त तासांनी जास्त काम निघतं ही समजूत फार जुनी आहे आणि फार पूर्वी तपासूनही झाली आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत बायका आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होत्या. सरकारने समिती नेमून तासांच्या आणि मालाच्या नोंदी घेतल्या. पुढे शंभर वर्षांनी एका अर्थशास्त्रज्ञाने त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याच्या पन्नास तासांच्या आसपास कामाचा जोर मोडायला लागतो, आणि ७० तासांत जेवढा माल निघत होता, तो ५६ तासांत निघणाऱ्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. तुझ्या मिलने महिनाभरात तेच दाखवलं.

आता वाटणीकडे येते. त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते, मी ती कधी विसरले नाही.

नव्वदच्या दशकात मी इथल्याच एका सरकीच्या तेलगिरणीत उत्पादन विभागात होते. सरकी वर चढवणारा एलिव्हेटर दिवसातून तीन-चारदा चोंदायचा. प्रत्येक वेळी गिरणी बंद, मग दोन माणसांनी खड्ड्यात उतरून हातांनी सरकी उपसायची, पट्टा सारखा करायचा आणि पुन्हा सुरू. वीस मिनिटं सहज जायची. मी तीन आठवडे घड्याळ आणि वही घेऊन उभी होते. मोटर बदलली, पट्टा बदलला, तरी चोंदणं चालूच. त्या एलिव्हेटरवर एक वयस्क ऑपरेटर होते. खड्ड्यातून वर आले की टॉवेलने मानेवरची सरकीची रुई पुसायचे आणि काही न बोलता बटण दाबायचे. ते रिटायर झाले त्या संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, खालची पुली एका अंगाने झिजली आहे. पट्टा सरकतो, बादल्या घासतात, म्हणून माल साचतो.” दुसऱ्या दिवशी खोलून पाहिलं, पुली खरोखर तशीच होती. मी त्यांना टपरीवरच विचारलं होतं, हे आधी का नाही सांगितलं? त्यांनी कप खाली ठेवला. “मागे एकदा सांगितलं होतं, चाळणीचं. काम लवकर व्हायला लागलं, मग मालकांनी आमच्यातले दोघं कमी केले. त्यातला एक माझा साडू.”

मुली, तुझ्या मिलमध्येही अशी झिजलेली पुली आहे. कुठे आहे ते कोणाला तरी आज माहीत आहे. तो माणूस किंवा ती बाई ते तुला सांगेल की नाही, हे तुझ्या स्वभावावर ठरत नाही; सांगितल्यावर त्यांच्या ताटातलं कमी होणार की वाढणार, यावर ठरतं. आक्कांनी तोच प्रश्न विचारला आहे. त्यांना खात्री मिळेपर्यंत तुझ्या नव्या मशीनला त्या मनापासून हात लावणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

जपानने हे फार लवकर ओळखलं. युद्धानंतर तिथे संप आणि टाळेबंद्यांनी कारखाने पोळून निघाले होते. १९५५ साली तिथे उत्पादकता केंद्र उभं राहिलं, तेव्हा त्यांनी चळवळीची तीन तत्त्वं आधीच जाहीर केली. उत्पादकता वाढवताना रोजगार टिकवायचा आणि वाढवायचा, माणसं जास्त झाली तर त्यांना शक्यतो दुसरं काम द्यायचं. पद्धती ठरवताना कामगार आणि व्यवस्थापन यांनी मिळून बसायचं. आणि आलेलं फळ मालक, कामगार आणि गिऱ्हाईक यांच्यात न्यायाने वाटायचं. आपण जपान्यांच्या पाट्या, रंगीत पट्टे आणि झाडलोटीचे नियम आणून भिंतींवर लावले, ही तीन कलमं मात्र मागे राहिली. आपली राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ ची आहे, म्हणजे आपल्याकडे हा विचार आला नाही असंही म्हणता येत नाही. छोट्या मालकाच्या गेटमधून तो आत शिरला नाही, एवढं खरं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९९९ पासून ‘सन्मानाचं काम’ म्हणते, त्यात पुरेशी मजुरी, सुरक्षित जागा, आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय आणि बोलण्याचा हक्क हे सगळं येतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या सतरा उद्दिष्टांतलं आठवं उद्दिष्ट आर्थिक वाढ आणि सन्मानाचं काम यांना एकाच ओळीत ठेवतं. तुझ्या ‘मिल की माणसं’ या प्रश्नातला ‘की’ तिथे नाही.

कर्ज काढायच्या आधी एक महिना एवढं कर. साधी शंभर पानी वही घे आणि मशीनजवळ दोरीने बांधून ठेव. मिल थांबली की किती वाजता थांबली, कशामुळे, किती वाजता सुरू झाली, तीन रकाने, बस. लाइट गेली, चाळणी चोंदली, बेअरिंग तापलं, रिकामी पोती संपली, हमाल ट्रक भरायला गेले म्हणून माल पुढे सरकला नाही, तुरीला तेल-पाणी लावून वाळायला कमी वेळ मिळाला, जे असेल ते. लिहिणारा कामगारच असू दे. आणि पहिल्याच दिवशी सांग, या वहीतल्या नोंदीवरून कोणाचाही रोज कापला जाणार नाही.

हे फार साधं वाटेल. पण तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत काही संशोधकांनी २००८ च्या सुमारास प्रयोग सुरू केला होता. बऱ्याचशा गोष्टी तुझ्या वहीसारख्याच होत्या : मशीन का थांबलं ते लिहायचं, खराब माल कशामुळे झाला ते रोज पाहायचं, जमिनीवरचा पसारा उचलायचा, सूत कुठे किती पडलं आहे याची नोंद ठेवायची. नवं यंत्र नाही, जादा तास नाहीत. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

डाळ मिलमध्ये तर वेळेपेक्षाही मोठी गळती उताऱ्यात, म्हणजे शंभर किलो तुरीतून किती डाळ निघते त्यात, असते. तुला नाना सांगतील, त्यांच्याजवळ बसून ऐक. तुरीला ओल कमी-जास्त झाली, रोलरचा दगड घासला, चाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत, की डाळीऐवजी तुकडा आणि चुनी वाढते. दिवसाला ४० क्विंटल तूर भरडतेस. उतारा फक्त एका टक्क्याने सुधारला, तर दिवसाला ४० किलो डाळ जास्त. महिन्याचे २५ दिवस धर, हजार किलो. हाच माल आज चुनी म्हणून ढोरांच्या खुराकात जातो. डाळ आणि चुनी यांच्या भावात किलोला ६० रुपयांचा फरक धरला, तर महिन्याला ६०,००० रुपये तुझ्या मिलमधून पोत्यात भरून बाहेर जात आहेत. बारा तासांच्या पाळीने हा पैसा परत येणार नाही. दमलेल्या माणसाच्या हातून तो उलट वाढत जाईल. ओल हातात घेऊन ओळखणारा, दगडाचा आवाज बदलला की मान वर करणारा जुना माणूस टिकला, तरच येईल. सुरतला गेलेल्या तिघांबरोबर काय गेलं, याचा हिशेब यातून लाव.

आता उन्हाचं. जळगाव-भुसावळचं ऊन मी वेगळं सांगायला नको. एप्रिल लागला की पत्र्याखाली दुपारी दोन वाजता काय होतं ते तू रोज पाहतेस. मी असा एक शेड पाहिला आहे : बायका निवडायला बसलेल्या, पदर डोक्यावरून खाली ओढलेला, पुढ्यात डाळीचा ढीग, आणि बोटं चालत असूनही डोळ्यांसमोर अंधारी येऊ नये म्हणून मधूनच एकेक जण पाण्याचा हात तोंडावरून फिरवत होती. पंखा होता, पण डाळ आणि भुसा उडतो म्हणून बंद ठेवलेला. भारतातल्या कारखान्यांच्या आकडेवारीवर २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचा माल साधारण २ टक्क्यांनी घटतो, असं त्यात निघालं. सुरतच्या विणकरांच्या रोजच्या नोंदीही त्यात तपासल्या होत्या. उन्हाच्या दिवसांत त्यांचंही कापड कमी उतरत होतं. बंगळुरूच्या शिलाई कारखान्यांत नुसते जुने दिवे काढून एलईडी लावले, आतली उष्णता कमी झाली आणि गरम दिवसांतलं काम सुधारलं.

तेव्हा सॉर्टेक्सच्या आधी छपराला हात घाल. पत्र्यावर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा जाड हात मार, आतली धग दोन-तीन अंशांनी उतरते. आढ्याजवळ वाऱ्यावर फिरणारे गोल पंखे बसव, गरम हवा वर निघून जाईल. धुळीसाठी सायक्लोन, म्हणजे हवेतली धूळ वेगळी काढणारं नळकांडं, आणि एक्झॉस्ट नीट कर. हे मी फक्त बायकांच्या दम्यासाठी सांगत नाही, जरी तेवढं कारण पुरेसं आहे. सॉर्टेक्समध्ये कॅमेरा दाणा पाहतो आणि हवेची फुंकर डागी दाणा बाजूला उडवते. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली की मशीन चांगला दाणाही फेकायला लागतं. विकणारा तुला सांगेलच की मशीन बंद खोलीत ठेवा, एसी लावा. मशीनला सोसत नाही ती धूळ माणसाच्या छातीत जायला देऊ नको, आणि यंत्राच्या खोलीचा एसी मंजूर होईल त्याच दिवशी माणसांच्या छपराचाही खर्च मंजूर कर. अन्नाची बारीक धूळ दाट झाली तर ठिणगीने पेट घेते, हेही लक्षात असू दे.

उन्हाळ्यापुरती पाळी पहाटे सहा ते दुपारी दोन करता येईल का, असं तुझ्या मनात येईल. करता येईल, पण बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नको. सहाला मिलमध्ये पोचायचं तर चारला उठून भाकरी थापाव्या लागतात, पोरांची शाळा असते, नळाला पाणी कधी येतं त्यावर घर चालतं. कदाचित त्या सातची वेळ सांगतील. त्या सांगतील ती धर.

राहिल्या चौदा जणी. त्यांना सगळ्यांना एकाच रांगेत उभं करू नको. एकेकीशी बोल, बरोबर मुकादम नको, हिशेबनीस तर नकोच.

सॉर्टेक्स आला तरी निवडणाऱ्या डोळ्यांचं काम संपत नाही. मशीनला कोणता डाग फेकायचा आणि कोणता ठेवायचा हे कोणीतरी शिकवावं लागतं, माल बदलला की पुन्हा शिकवावं लागतं. फेकलेल्या मालात चांगली डाळ किती गेली, हे हातात घेऊन पाहणारी बाई नसेल तर तुझा उताराच मशीनच्या मागच्या तोंडाने निघून जाईल. वीस वर्षं डागी दाणा ओळखणाऱ्या आक्का या कामाला पुण्याहून आलेल्या कोणत्याही पोरापेक्षा योग्य आहेत. म्हणून मशीनच्या ऑर्डरमध्येच एक कलम घाल : विकणाऱ्याच्या माणसाने आमच्या दोन बायकांना मशीन चालवायला आणि रोजची सफाई करायला आठ-दहा दिवस इथे थांबून शिकवायचं. पैसे देण्याआधी ही अट मान्य होते, नंतर कोणी फोन उचलत नाही. शिकण्याच्या दिवसांची पूर्ण हजेरी दे, आणि ऑपरेटर झाल्यावर ऑपरेटरचाच रोज दे. बाई आहे म्हणून कमी रोज ही चाल तुझ्या मिलमध्ये तुझ्या हातून चालू राहू नये.

आणखी चार-पाच जणी अर्ध्या आणि एक किलोच्या पाकिटांच्या कामात जातील. व्यापारी भाव पाडतो कारण तू त्याला फक्त पोतं विकतेस. खानदेशातल्या किराणा दुकानांना स्वतःच्या नावाचं पाकीट द्यायला लाग, छोट्या प्रमाणावर का होईना. एक-दोघी आवक तुरीचे नमुने पाहायला, ओल मोजायला. मग उरतील त्या ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि ज्यांना खरोखर घरी बसायचं आहे. त्यांना ‘मोकळं’ करायचं नाही, मानाने निरोप द्यायचा. पाच वर्षांवर सलग काम झालेल्या माणसाचा ग्रॅच्युइटीवर हक्क आहे, ते कोणाचे उपकार नाहीत. महिन्याला १०,४०० रुपये पडत असतील, तर २६ ने भागून दिवसाचे ४०० झाले, त्याचे पंधरा दिवस ६,०००, आणि वीस वर्षांचे १,२०,००० रुपये. हिशेबनीसांनी ‘हिशेब करून’ म्हटलं तेव्हा हा आकडा त्यात होता का, ते विचार. नसेल तर मशीनच्या कर्जाच्या कागदात तो आधी धर, बँकेपासून लपवू नको. आणि कोणाचीही उचल बाकी आहे म्हणून त्या रकमेतून परस्पर कापून घेणं, हे तर मनातही आणू नको.

कायद्याचं बाकी थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे. ३१ माणसांच्या मिलला भविष्य निर्वाह निधीही लागतो आणि कर्मचारी राज्य विमाही. चौदाही जणी कागदावर आहेत की कंत्राटदाराच्या वहीत, ते पाहा. हमालांचं माथाडी मंडळाचं खातंही तपास, १९६९ चा तो कायदा आपल्या महाराष्ट्राचा आहे.

आता तो कागद. बोनसच्या १९६५ च्या जुन्या कायद्याने उत्पादकतेशी जोडलेल्या बोनसचा करार मान्य केलेला होता, पण किमान ८.३३ टक्क्यांच्या खाली तेव्हाही कोणाला ठेवता येत नव्हतं आणि नव्या संहितेतही येत नाही. त्या किमान रकमेला हात न लावता वरचा वाटा ठरव. मोजमाप तीनच ठेव, कामगाराला स्वतः मोजता येतील अशी : मजुरीच्या तासामागे किती क्विंटल, शंभर किलो तुरीमागे किती डाळ उतरली, आणि किती माल परत आला. आजचे आकडे आधी फळ्यावर लिही. त्यांच्यापुढे जी बचत होईल, तिचे तीन वाटे. एक मशीनच्या हप्त्याला, एक मिलला, एक कामगारांना. तिसरा वाटा सगळ्यांना सारखा, निवडणाऱ्या बाईलाही आणि फिटरलाही. दर तीन महिन्यांनी द्यायचा. दिवाळीपर्यंत थांबलं की त्याचा संबंध कामाशी न राहता सणाशी लागतो. आणि एक वाक्य ठळक अक्षरात लिही : मशीन आल्यामुळे किंवा कोणी सुचवलेल्या सुधारणेमुळे कोणाचंही काम जाणार नाही आणि रोज कमी होणार नाही. मी या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र लिहिते आहे.

नाना कदाचित म्हणतील, मालक असं लिहून देत नसतात. त्यांना सांग, तुम्ही तोंडी पाळत आलात म्हणून या बायका वीस वर्षं राहिल्या. तुमच्यानंतर तो शब्द कागदावर असायला हवा, कारण त्या माझ्यापेक्षा तुम्हाला ओळखतात.

सुरतला गेलेल्या तिघांचं मला वाईट वाटलं. तापीकाठच्या रेल्वेने आपली किती पोरं दर वर्षी तिकडे जातात, त्यांना अडवायचा कोणाला हक्क नाही. पण अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली चालता पट्टा आला, कामाचा वेग वाढला आणि माणसं इतकी पळाली की चौदा हजारांच्या आसपास जागा भरलेल्या ठेवायला वर्षात ५२,००० हून जास्त माणसं घ्यावी लागली. पुढच्या जानेवारीत फोर्डने दिवस आठ तासांचा केला आणि रोज पाच डॉलरवर नेला, जुन्याच्या दुपटीच्या आसपास, मग ती पळापळ थांबली. त्या मालकात दुसरे दोष पुष्कळ होते, पण माणूस सोडून जाण्याचा खर्च त्याने मोजला होता. तूही मोज. नवा ऑपरेटर तयार व्हायला किती महिने लागले आणि तोवर किती तूर चुनीत गेली, वहीतच निघेल. जमलं तर त्या तिघांपैकी एकाला फोन कर आणि का गेलास ते विचार, परत ये असं लगेच म्हणू नको.

आक्कांना उत्तर द्यायला उशीर करू नको. ऑफिसात बोलावू नको, त्या जिथे डबा उघडतात तिथे जाऊन बस. सांग, की आक्का, मशीन येणार आहे, आणि त्याला डाग ओळखायला तुम्ही शिकवायचं आहे. जमणार नाही असं वाटलं तर दुसरं काम आहे, आणि घरी बसायचं असेल तर तुमचा इतका पैसा मिलकडे आहे, हा आकडा. मग त्यांना विचार, मिलमध्ये वेळ कुठे जातो. लगेच सांगणार नाहीत. कागदावर सही झाल्यावर, पहिला वाटा हातात पडल्यावर सांगतील.

छपराच्या रंगाचं काम अक्षय्य तृतीयेच्या आत उरकून घे. मृगाचा पाऊस सुरू झाला की पत्रा ओला राहतो आणि चुना धरत नाही.

तुझी,
मावशी